जिम्नी: १९५ काढून २३५ चे टायर आणि रुंद रिम टाकले तर गाडी हाताला कशी लागेल?

घाटवाट_७८

नमस्कार मंडळी. गाडी मारुतीची पाच दारी जिम्नी, मॅन्युअल. सस्पेन्शन कंपनीचंच, लिफ्ट केलेली नाही. सध्या कंपनीचे १९५/८० आर १५ टायर आणि ५.५ जे (इंच रुंदी) चे रिम, ईटी (ऑफसेट) +५.

वापर: आठवडाभर पुणे शहर, महिन्यातून दोनदा महामार्गाने कोल्हापूर, पावसाळ्यात मुळशी-वेल्ह्याकडचे कच्चे रस्ते आणि वर्षातून एकदा जैसलमेरकडची वाळू.

टायरवाल्याने २३५/७५ आर १५ ऑल टेरेन टायर आणि १५ x ७ चे अलॉय, ईटी -१५, असा सेट सुचवला आहे. त्याचं म्हणणं, टायर रुंद तेवढी पकड जास्त आणि चाकं बाहेर आली की गाडी वळणावर कमी कलंडते. हे कितपत खरं? स्टिअरिंग, ब्रेक आणि चिखलातली चाल यांवर काय परिणाम होईल? घासाघीस कुठे होईल? दिसायला छान दिसतं हे मान्य, त्यावर मत नको.

नट_बोल्ट

टायरवाला 'रुंद' या एका शब्दात चार बदल विकतोय: टायरची रुंदी, टायरची उंची, रिमची रुंदी आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबच्या तोंडापर्यंतचं अंतर (ईटी, मिमीत; आकडा घटला की चाक बाहेर). चौघांचे परिणाम वेगळे आहेत, म्हणून हिशेबही वेगळा करू.

उंची. १९५/८० ची बाजूची भिंत १९५ च्या ८० टक्के, १५६ मिमी, १५ इंची रिम ३८१, म्हणजे पूर्ण व्यास ६९३ मिमी. २३५/७५ ची भिंत १७६, व्यास ७३३.५. वाढ जवळजवळ ५.८ टक्के. पोटाखाली मिळणारी जागा मात्र याच्या निम्मी, २० मिमी. बाकी गिअरिंग ५.८ टक्क्यांनी लांब होतं. दीड लिटरचं १३४ न्यूटन मीटरचं इंजिन आहे, टर्बो नाही. घाटात आज तिसऱ्यावर निघणारी चढण उद्या दुसरा मागेल. तेवढाच पाय ब्रेकवर दिला तर जमिनीवर पोचणारा जोर ५.५ टक्के कमी, कारण डिस्क आणि ड्रम तेच राहतात आणि तरफ लांब होते. त्यात जड चाकाची फिरती शक्ती थांबवायची ती वेगळी. स्पीडोमीटर आज अचूक असेल तर १०० दाखवताना खरा वेग १०६ असेल. ओडोमीटर कमी मोजेल, म्हणून मायलेज काढताना किलोमीटरला १.०५८ ने गुणा. नाहीतर 'टायर टाकले आणि ॲव्हरेज ढासळलं' अशी अर्धी खोटी तक्रार होते.

ऑफसेट. २३५ चा टायर ६.५ जे रिमवर मोजलेला असतो. ७ वर तो साधारण ५ मिमी पसरतो, म्हणजे २४०. हबच्या तोंडापासून मोजा. आज टायर आत १०२.५ आणि बाहेर ९२.५ मिमी आहे. सुचवलेल्या सेटने आत १०५, बाहेर १३५. आतल्या बाजूला फक्त अडीच मिमी फरक, बाहेर मात्र साडेबेचाळीस. टायर चाकावरच्या प्लॅस्टिकच्या फ्लेअरबाहेर डोकावणार हे उघड आहे.

ईटी -१५ का निवडला तेही यातून कळतं. ईटी ० ठेवला तर टायर आत १७.५ मिमी सरकतो आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर पुढच्या रेडियस आर्मला (ॲक्सल चेसीला जोडणारा दांडा) घासतो. बाहेर ढकलून आर्म वाचवला, पण आता चाक किंगपिनभोवती (ज्या खुंटीवर ते वळतं ती) मोठं वर्तुळ काढतं. ते वर्तुळ पुढे बंपरच्या खालच्या कोपऱ्याला आणि मागे लायनरला भिडतं. सरळ चाकाला काहीच घासत नाही. एक चाक खड्ड्यात दबलेलं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, अशा स्थितीत घासतं, म्हणून दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर घेतलेल्या ट्रायलवर विसंबू नका. एक पुढचं चाक रॅम्पवर चढवून दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा.

आता 'कमी कलंडते'. पुढच्या चाकांमधलं अंतर १३९५ मिमी. ईटी +५ वरून -१५ केल्यावर ते ४० ने वाढून १४३५ होईल, म्हणजे २.९ टक्के. पण टायर उंच झाल्याने गाडीचा गुरुत्वमध्यही २० मिमी वर गेला. तो जमिनीपासून ७०० मिमीच्या आसपास धरला तर वाढ तीही २.९ टक्केच. रुंदीने कमावलं ते उंचीने गिळलं, हिशोब शून्य. वर ते ४० मिमी फुकट नाहीत. किंगपिनची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे स्क्रब रेडियस, प्रत्येक बाजूला २० मिमीने वाढतो. परिणाम हातात जाणवतो: डाव्या चाकाखाली पाण्याचं डबकं आलं की स्टिअरिंग डावीकडे ओढतं, एक बाजू खडीवर असताना ब्रेक दाबला की गाडी तिरकी होऊ पाहते, दगडावर चाक आपटलं की झटका थेट मनगटात. हब बेअरिंगवरचा भारही वाढतो.

काळीमाती

नट_बोल्ट भाऊंनी धातूचं सांगितलं, मी मातीचं सांगतो.

रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त टेकणार हा गैरसमज आहे. टेकणारं क्षेत्र ठरतं मुख्यतः चाकावरचं वजन भागिले हवा. माणसं आणि सामान धरून एका चाकावर ३५० किलो पकडा. २६ पीएसआय म्हणजे चौरस सेंटीमीटरला १.८३ किलो. भागाकार १९० चौरस सेंटीमीटर. टायर १९५ चा असो की २३५ चा, उत्तर जवळपास तेच. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा ढोबळमानाने साडेचौदा सेंटीमीटर रुंद आणि तेरा लांब, रुंद टायरचा अठरा रुंद आणि साडेदहा लांब. हवा १५ पीएसआयवर आणली की क्षेत्र ३३० च्या आसपास जातं, आणि ती वाढ बरीचशी लांबीत होते. पैसे टायरवर घालण्याआधी हवा काढायला शिका, ती फुकट आहे.

ठसा आडवा झाला की ओल्या डांबरावर त्रास होतो. मधलं पाणी बाहेर पडायला जास्त अंतर जातं आणि वेळ कमी मिळतो, म्हणून रुंद टायर कमी वेगात पाण्यावर तरंगायला लागतो. पावसाळ्यात कोल्हापूर रस्त्यावर १०० ने जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

मुळशी-वेल्ह्याचा चिखल म्हणजे वर चार-सहा बोटं राड आणि खाली मुरूम नाहीतर कातळ. तिथे अरुंद टायर राड कापून खालच्या कठीण थराला टेकतो. रुंद टायर वरच पसरतो, पुढे चिखलाची लाट ढकलतो आणि गाडी तिरपी घसरते. जुनी जिप्सी अरुंद टायरांवर अशा रस्त्यांवरून निघायची, त्यामागे हेही एक कारण आहे.

आमच्याकडची काळी माती मात्र वेगळी. तिला खाली तळ लवकर सापडत नाही, आणि ती टायरच्या खाचांत अशी बसते की दहा मीटरमध्ये ऑल टेरेन गुळगुळीत होतो. रुंद टायर जास्त माती उचलतो, व्हील आर्च भरून चाक जाम होईपर्यंत. तिथे इलाज म्हणजे मोठ्या खाचांचा मड टायर आणि माती झटकायला चाकाचा वेग. खरा इलाज म्हणजे पाऊस पडल्यावर दोन दिवस त्या पांदीत न जाणे.

आणि चाकोरी. ट्रॅक्टर-बैलगाडीने पाडलेल्या खाचेत अरुंद टायर बसून जातो. रुंद टायरचा खांदा काठावर चढतो, उतरतो, परत चढतो, आणि प्रत्येक वेळी स्टिअरिंग हिसकतो. चाकोरीबाहेर राहायची हौस असेल तर रुंद घ्या.

पुळणवाला

काळीमाती, तुमचं चिखलापुरतं मान्य, पण प्रश्नात जैसलमेर आहे. मऊ वाळूत रुंदीचा फायदा होतो. तिथे खाली कातळ शोधायचा नसतो, वर तरंगायचं असतं. तिथे अरुंद टायर टोकदार खांद्याने वाळू खोदतो. २३५ ला कमी लेखू नका.

काळीमाती

फायदा होतो, नाही कोण म्हणतो. पण १९५ वर १४ पीएसआय आणि २३५ वर २६ अशी शर्यत लावली तर वाळूत २३५ आधी रुतेल. वर्षातल्या चार दिवसांसाठी बाकीचे तीनशे साठ दिवस स्टिअरिंग ओढून घ्यायचं का, एवढंच विचारतो.

पुळणवाला

ते ठीक. तर वाळूसाठी आकडे देतो. सुरुवात १५-१६ वर. टेकडीवर दोनदा दम टाकला तर १२-१३. त्याखाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो. इथे रुंद रिमचा तोटा: टायरच्या मानाने रिम रुंद असेल तर भिंत ताणलेली राहते, टायरची कड सुटायला सोपी, आणि रिमची धार दगडाला उघडी पडते. कमी हवेवर वेग ४० च्या आत, झटक्याने स्टिअरिंग नाही. डांबरावर यायच्या आधी हवा भरायची. पोर्टेबल कंप्रेसर थेट बॅटरीवर लावायचा घ्या, सिगारेट लायटरवाला चार टायर भरेपर्यंत तापून बंद पडतो.

आणि कोकणातल्या पुळणीवर हे प्रयोग नकोत. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी असते, आणि वेळास-आंजर्ल्याकडे थंडी-उन्हाळ्यात कासवांची अंडी वाळूत असतात.

किंगपिन

स्टिअरिंगच्या थरथरीबद्दल कुणी बोललं नाही. जिम्नीचा पुढचा ॲक्सल अखंड आहे, दोन्ही चाकं टाय रॉडने जोडलेली. अशा गाडीत ६० ते ८० च्या दरम्यान एखादा सांधा किंवा खड्डा लागला की पुढची चाकं डावी-उजवी फडफडायला लागतात आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. जड टायर आणि बाहेर आलेला ऑफसेट हे त्याचं मूळ नाही. पण जिथे आधीच ढिलाई आहे तिथे हे दोन्ही तिला लांब हातोडा देतात. म्हणून टायर बदलायच्या आधी ही तपासणी करा, तासाभराचं काम आहे.

पुढचा ॲक्सल उचलून स्टँडवर ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. किंगपिनची बेअरिंग आणि शिम एकदम बघायची. चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं आणि खेळ आला तर टाय रॉड एंड किंवा ड्रॅग लिंक. मग गाडी जमिनीवर, इंजिन चालू, एकाने स्टिअरिंग भराभर थोडं थोडं दोन्हीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने वाकून पॅनहार्ड रॉडची (ॲक्सलला डावी-उजवी सरकू न देणारा दांडा) दोन्ही टोकं बघायची. बोल्टभोवती रॉड सरकताना दिसला तर बुश गेलं, किंवा नुसता बोल्ट ढिला आहे. पुष्कळदा हेच निघतं.

'स्टिअरिंग डॅम्पर जाड टाका, थरथर जाईल' हा सल्ला ऐकू नका. डॅम्पर आवाज दाबतो, रोग तसाच राहतो आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर दुप्पट जोराने बाहेर येतो.

बॅलन्सिंग पाचही चाकांचं करून घ्या. ऑल टेरेन टायरला वजनं जास्त लागतात. एका टायरला खूपच लागायला लागली तर रिमवर तो अर्धा फेरा फिरवून परत बसवायला सांगा. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर महामार्गावर थरथर सुरू झाली तर गॅरेज शोधायच्या आधी रिमच्या आतली माती धुवा. वाळलेला पाव किलो चिखल बॅलन्सिंगचं वाटोळं करतो. ईटी -१५ च्या रिमला पुढून खोल वाटी असते, तिथेही गाळ बसतो.

अलाइनमेंटमध्ये या ॲक्सलवर फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, जुळवता येतो. कॅम्बर-कॅस्टर (चाकाचा आणि किंगपिनचा कल) 'सेट करून देतो' असं कुणी म्हटलं तर बिल वाचून सही करा. कॅस्टर बदलायचा तर रेडियस आर्मची वेगळी बुशं लागतात, आणि त्याची गरज गाडी लिफ्ट केल्यावर पडते.

घाटवाट_७८

सगळ्यांचे आभार. म्हणजे सुचवलेला सेट नको, एवढं कळलं. मग मधला मार्ग म्हणून २१५/७५ आर १५ कंपनीच्याच रिमवर बसतील का? आणि फक्त स्पेसर (हब आणि रिममधली चकती) टाकून चाकं थोडी बाहेर काढली तर?

नट_बोल्ट

बसतील. २१५/७५ ला ५.५ ते ७ जे रिम चालतो, तुमचा ५.५ खालच्या टोकाला आहे. म्हणून टायरचा मधला भाग जरा फुगीर राहील आणि मध्ये जास्त झिजू नये यासाठी हवा नीट ठेवावी लागेल. व्यास ७०३.५, म्हणजे जेमतेम दीड टक्का वाढ. गिअरिंग, ब्रेक, स्पीडोमीटर यांत जाणवण्यासारखा फरक नाही. २३५ मात्र या ५.५ च्या रिमवर कुणी बसवून देतो म्हणाला तरी नको, त्याला किमान ६ लागतो.

रिम बदलायचेच असतील तर १५ x ६, ईटी ०. २१५ त्यावर आत ५ मिमी आणि बाहेर १५ मिमी सरकतो, काहीच घासत नाही. स्टीलचे घ्या. कड वाकली तर गावातला माणूसही हातोड्याने सरळ करून देतो, अलॉय तडकतं. रिम घेताना तीन गोष्टी मोजून घ्या: ५ x १३९.७ चे भोक-वर्तुळ, मधलं भोक १०८ मिमी आणि नटाची बैठक शंकूची. नट एम १२ x १.२५. टॉर्क रेंचने १०० न्यूटन मीटर, तारांकित क्रमाने, आणि ५०-१०० किमी चालवून पुन्हा तपासायचे.

स्पेसर नको. ऑफसेटचे सगळे तोटे तेच, वर एक जास्तीचा सांधा. हबवर न बसणारा, फक्त बोल्टांवर लटकणारा स्पेसर तर अजिबात नको.

तिसरा_गिअर

मध्येच घुसतो, माफ करा. थारला हेच लागू होतं का? १८ इंची आहे.

किंगपिन

हिशेबाची रीत तीच, आकडे वेगळे. तुमचा २५५/६५ आर १८ म्हणजे ७८९ मिमी. कंपनीनेच दिलेला १६ इंची पर्याय २४५/७५ आर १६, ७७४ मिमी. उंची थोडी कमी, पण भिंत १६६ ऐवजी १८४ मिमी, म्हणजे हवा काढायला जास्त जागा. दगडधोंड्यांसाठी रुंदीपेक्षा हा बदल कामाचा. थारच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने वर सांगितलेल्या फडफडीची भीती कमी. ऑफसेट बाहेर काढला की भार बॉल जॉइंट आणि बेअरिंगवर येतो.

कलम_बावन्न

एक कोरडी गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेर बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. टायर फ्लेअरबाहेर दिसला की पोलिसाला टेप लागत नाही, लांबूनच कळतं. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्वेक्षक टायरचा आकडा आधी वाचतो. ७ जे, ईटी -१५ च्या सेटवर हा धोका सरळ आहे. २१५ टाकणार असाल तरी विमा कंपनीला लेखी विचारून उत्तर जपून ठेवा.

घाटवाट_७८

ठरलं. २१५/७५ आर १५ ऑल टेरेन, सध्याच्याच रिमवर. चार घेऊ की पाच? आणि हवा किती ठेवू?

नट_बोल्ट

पाच. जिम्नीत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वेगळ्या गतीने फिरू देणारा, नाही. ४एच किंवा ४एल मध्ये (चारही चाकांना जोर असताना) एक चाक वेगळ्या व्यासाचं असलं तर ट्रान्सफर केसमध्ये पीळ भरत जातो, लीव्हर २एच ला (फक्त मागच्या चाकांवर) येईना होतो आणि कोरड्या रस्त्यावर साखळी-गिअरची वाट लागते. म्हणून स्टेपनी त्याच मापाची, आणि दर ८ हजार किमीला पाचही चाकांची अदलाबदल, म्हणजे झीज सारखी राहते. डिफ लॉक (एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) नसल्याने घसरणारं चाक गाडी ब्रेकने पकडते. फार जड टायर घेतला तर त्या ब्रेकलाच जास्त काम पडतं, म्हणून दोन टायरांत निवड करताना वजनकाट्यावर ठेवून हलका घ्या. स्टेपनी मागच्या दारावर लटकते, त्या बिजागरीलाही तेच बरं.

हवेची सुरुवात दारामागच्या स्टिकरवरच्या आकड्यापासून, सकाळी थंड असताना. मग खडू: टायरच्या अंगावर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत जाड आडवी रेघ ओढा, सपाट डांबरावर सरळ २०-३० मीटर जा, उतरून बघा. फक्त मध्ये पुसली तर २ पीएसआय कमी, फक्त कडांना पुसली तर २ जास्त, सारखी पुसली की तो तुमचा आकडा. पुढे-मागे वेगळा निघू शकतो. खातरजमेला महामार्गावर अर्धा तास चालवून लगेच मोजा. थंडपेक्षा ४ पीएसआयच्या आसपास वाढली तर बरोबर, ६-७ वाढली तर थंड असताना हवा कमी पडत होती.

कच्च्या रस्त्यावर १८-२०, पुळणवाल्यांनी सांगितलेलं वाळूसाठी.

किंगपिन

आणि टायर चढवायच्या आधी ती चाक वर-खाली, डावी-उजवी हलवून बघायची तपासणी करून घ्या. जुन्या टायरवर न दिसलेला खेळ नव्यावर दिसला की लोक टायरवाल्याशी भांडत बसतात.